मांडामांड

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी मी माझ्या संगणकावरची बावीस बटणे काढून टाकली. हाताने दाबायची खरीखुरी बटणे नव्हेत; लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडला की पडद्याच्या माथ्यावर जी असतात ती. काही रांगेत उभी, काही याद्यांच्या पोटात दडलेली. त्यांत पाकिटावर पत्ता छापण्याचे एक बटण होते. अक्षरांना कमानीसारखे वाकवण्याचे एक होते. बीजगणिताची समीकरणे मांडण्याचे एक, आणि एकच पत्र शंभर माणसांना शंभर नावांनी धाडण्याचे एक. मी मराठी शिकवते. शंभर माणसांना एकच पत्र धाडण्याचा प्रसंग मुलाच्या लग्नाखेरीज माझ्यावर यायचा नाही, आणि मुलगा अजून सातवीत आहे. तेव्हा हे सगळे सामान मी एकेक करून उचलले आणि माळ्यावर टाकले.

"सकाळपासून काय चाललंय?" ह्यांनी विचारले.

"आवरतेय."

"काय आवरलंस?"

"टेबल."

टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, दोन शब्दकोश आणि चहाचा रिकामा कप होते तिथेच होते. ह्यांनी टेबलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडापुढे धरले. पण मी खोटे बोलले नव्हते.

रोज चार ओळी टंकाव्या लागणाऱ्या पुष्कळ माणसांना ही बटणे हलवता येतात हेच ठाऊक नसते. आकाशातल्या नक्षत्रांसारखी ती कोणीतरी एकदाच मांडून ठेवली आहेत अशी त्यांची समजूत असते. वास्तविक युक्ती अगदी सोपी आहे. मी लिब्रेऑफिस वापरते. ते फुकट मिळते आणि स्वभावाने फारसे हट्टी नाही. त्यात 'टूल्स'च्या यादीत 'कस्टमाइझ' म्हणून एक दार आहे. ते उघडले की डाव्या हाताला घरात असलेल्या एकूण एक वस्तूंची यादी दिसते आणि उजव्या हाताला मांडणीवर लावलेल्या वस्तूंची. मधे दोन बाण. एकाने वस्तू मांडणीवर जाते, दुसऱ्याने उतरते. वर्डमध्येही अशी सोय आहे, मात्र तिथे कंपनीने लावलेल्या संचातले एकटे बटण काढता येत नाही. काढायचा तर आख्खा संच काढावा लागतो. चहाच्या सेटमधली एक बशी नको म्हटले तर दुकानदार जसा कपाळाला आठ्या घालतो तसाच हा प्रकार. आणि दोन्हीकडे, सगळे होते तसे करण्याचेही एक बटण असते. म्हणजे घाबरण्याचे काही कारण नाही. तरीही माणसे घाबरतात.

ही भीती मला परकी नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंचे स्वयंपाकघर पंचवीस वर्षे जागच्या जागी मुरलेले होते. मिठाची बरणी शेगडीच्या डाव्या अंगाला, तिखटाचा डबा तिच्यामागे, सराटा आणि सांडशी डावीकडच्याच खिळ्यांवर. फोडणीत मीठ टाकायचे म्हणजे मला उजवा हात कढईवरून आडवा न्यावा लागे, आणि आठवड्यातून एकदा तरी मनगटाला चटका बसे. मला वाटे, या घरची रीतच असेल. रीतीला कारण विचारू नये एवढी समज माहेरहून घेऊन आले होते. कारण एवढेच होते की सासूबाई डावखुऱ्या होत्या. सहा वर्षांनी एका सकाळी त्याच म्हणाल्या, "अगं, किती दिवस असा आडवा हात घालशील? घे ती बरणी तिकडे." आणि त्यांनी स्वतः बरणी उजवीकडे सरकवली. त्या दिवसापासून स्वयंपाकघर आम्हा दोघींचे झाले असे मी समजते. पुढे त्यांना मीठ शोधावे लागे, आणि त्या मुकाट्याने शोधीत.

संगणकाचा पडदाही असाच कोणा परगावच्या डावखुऱ्या सासूबाईंनी लावलेला असतो. फरक इतकाच की 'घे ती बरणी तिकडे' असे तो आपण होऊन म्हणत नाही.

तसा प्रयत्न झालाच नाही असे मात्र नाही. १९७८ साली निघालेल्या वर्डस्टार नावाच्या प्रोग्रॅमची एक तऱ्हा मला फार आवडते. आरंभी तो अर्धा पडदा सूचनांनी भरून टाकी. पण हात बसला की त्याला सांगता येई, आता एक पायरी कमी सूचना दे. मग आणखी कमी. शेवटी अजिबात नकोत. चांगल्या शिक्षकाने हळूहळू मागच्या बाकावर सरकावे तसे. सांगावे लागे आपणच, हे त्यातले मर्म. पुढे सांगण्याची वाट न पाहणारे शहाणे आले. १९९७ सालच्या ऑफिसमध्ये डोळे मिचकावणारी एक कागदाची टाचणी पडद्याच्या कोपऱ्यात उगवे आणि 'तुम्ही पत्र लिहिताहात असे दिसते' अशा अर्थाचे काहीतरी इंग्रजीत विचारी. मनुष्य पत्र लिहीत असतो तेव्हा त्याला ते ठाऊक असते. २००० सालच्या ऑफिसने त्याहून मोठा पराक्रम केला: तुम्ही जे वापरीत नाही ते आपण होऊन लपवून ठेवायचे. हेतू चांगला होता. पण वर्षातून एकदा लागणारी पुरणाची चाळणी मोलकरणीने 'लागत नाही' म्हणून कुठेतरी ठेवून द्यावी आणि ऐन होळीला घरभर शोधाशोध व्हावी, तसे लोकांचे झाले. २००७ साली जुन्या याद्या मोडून चित्रांची रुंद पट्टी आली, आणि वर्षानुवर्षे पाठ झालेली घरे एका रात्रीत परकी झाली. त्या पट्टीत साध्या माणसाला फेरफार करू देण्याचा शहाणपणा कंपनीला २०१० साली सुचला. आता कोपऱ्यात पुन्हा एक मदतनीस येऊन बसला आहे. तो टाचणीपेक्षा पुष्कळ हुशार आहे, आख्खा निबंध लिहून देतो. पण न बोलावता आला आहे हे खरेच.

मराठीने तर यंत्रापायी आडवा हात पुष्कळ दिवस घातला. टंकलेखन यंत्राला कळा असून असून किती, तर पंचेचाळीसच्या आसपास; आणि आपली लिपी म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांचा भरला वाडा. कळा वाढवता येईनात, तेव्हा अक्षरे कमी करण्याच्या योजना निघाल्या. सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत इ, उ, ए ही वेगळी अक्षरे सोडून अ लाच वेलांटी, उकार आणि मात्रा देण्याचा आग्रह धरला, आणि 'किर्लोस्कर'सारख्या मासिकांनी ती पद्धत कित्येक वर्षे पाळली. माझ्या आजोळी त्या मासिकांचे बांधीव अंक होते. लहानपणी 'अितिहास' वाचताना मला वाटे, छापणाऱ्याची चूक असेल. १९५३ साली लखनौच्या परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवण्याचे ठरले होते. ते टिकले नाही. या थोर माणसांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. यंत्रयुगात मराठी मागे पडू नये ही त्यांची तळमळ होती, आणि यंत्र लोखंडाचे होते. बरणी सरकत नव्हती, म्हणून त्यांनी हात वाकवला.

आज यंत्र लोखंडाचे नाही. तरी सवय लोखंडाची आहे. माझे पाहा. 'ॲ' हे अक्षर संगणकाच्या युनिकोड नावाच्या जागतिक वर्णयादीत २००८ साली आले आणि २००९ सालच्या शासननिर्णयाने मराठी वर्णमालेतही त्याला रीतसर पाट मिळाला. पण माझ्या जुन्या कळफलकावर त्याची सोय नव्हती. मग मी अ काढून त्याच्यावर चंद्र चिकटवीत असे. दिसायला ठीक, पण शोधायला गेले की संगणक म्हणे, असा शब्दच नाही. त्या रविवारी बावीस बटणे माळ्यावर गेल्यावर जी जागा झाली तिथे पहिले बटण मी 'ॲ'चे बसवले. यंत्राला एखादी कृती एकदा करून दाखवायची, ती ते लक्षात ठेवते, आणि मग त्या कृतीला एक बटण देता येते. तिला मॅक्रो म्हणतात. नाव राक्षसासारखे असले तरी प्राणी गरीब आहे.

ही सगळी हौस माझ्या एकटीच्या टेबलापुरती राहिली असती. पण मी शिकवते ते झरी जामणी तालुक्यात. यवतमाळ जिल्ह्याचे हे दक्षिण टोक. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद. इथल्या आठवडी बाजारात मिरच्यांचा भाव मराठीत सुरू होतो, तेलुगूत घासाघीस होते, आणि पिशवी भरताना बाई आपल्या पोरीशी गोंडीत किंवा कोलामीत बोलते. माझ्या वर्गात मराठी ही कित्येकांची दुसरी भाषा आहे, आणि संगणकावरची इंग्रजी तिसरी किंवा चौथी.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याने मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, संगणकखोलीतल्या एका यंत्रावरची सगळी बटणे आणि याद्या मराठी करून टाकल्या. तशी सोय या प्रोग्रॅममध्ये आहे, आणि ती पुष्कळशी हौशी माणसांनी बसून केलेली आहे. त्यांचे उपकार मानावे तितके थोडे. पण मुले त्या यंत्राकडे फिरकेनात. शिपायाने विचारले, "हे कोणी केलं जी? पोट्टे बसत नाहीत तिथं." मुलांनी इंग्रजी शब्द वाचून नव्हे, तर जागा आणि चित्र पाहून बटणे पाठ केली होती, आणि काही मराठी शब्द असे की ते समजावून सांगायला मलाच संस्कृतात शिरावे लागले. एक शब्द मात्र सगळ्यांना आवडला. 'सेव्ह' या इंग्रजी शब्दासाठी मराठीत 'जतन करा' म्हणतात. बियाणे जतन करणाऱ्या घरांतली ही मुले. "हे बरोबर आहे," एक मुलगा म्हणाला, जणू बाकीचे तपासायचे होते. पुढे मुलांनीच तडजोड काढली: याद्या इंग्रजीत राहू द्यायच्या, आणि वरच्या रांगेतल्या नेहमीच्या आठदहा बटणांना आपल्याला हवी ती मराठी नावे द्यायची. तीही मुभा प्रोग्रॅममध्ये आहे. 'पेस्ट'च्या बटणाला त्यांनी 'लाव' असे नाव दिले आहे. विद्यापीठाला ते मान्य होईल की नाही कोण जाणे, मला झाले.

याच खोलीत तिसऱ्या यंत्रावर एक मुलगी बसते. ती कोलाम आहे. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार विशेष दुर्बल आदिम गटांत धरते त्यांपैकी कोलाम एक. दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. तिने प्रकल्पासाठी आजीच्या गोष्टी आजीच्याच भाषेत, देवनागरी अक्षरांत उतरवायला घेतल्या. कोलामी ही मराठीच्या कुळातली नव्हे; तेलुगू, गोंडी यांच्या द्राविड कुळातली. एमेनो नावाच्या भाषापंडिताने तिच्यावर १९५५ साली इंग्रजीत आख्खा ग्रंथ छापला आहे. पण संगणकाला त्याचे काय? आमच्या यंत्रांवर मराठी शुद्धलेखनाची तपासणी बसवलेली आहे. मुलीने एक पान टंकले आणि शब्दामागून शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ उमटत गेली. पान रक्ताळल्यासारखे दिसू लागले.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "हे सगळंच चुकलं का?"

मी वीस वर्षे तांबड्या शाईने वह्या तपासते आहे. त्या रेघांचा अर्थ मुलांच्या मनात काय होतो हे मला नव्याने कोणी सांगायला नको. तरी आजीच्या शब्दाखाली ती रेघ पाहून मला स्वतःलाच कोणीतरी दटावल्यासारखे झाले. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही महाविद्यालयात पेढे वाटले होते. या मुलीनेच ताट फिरवले होते.

तपासणी बंद करणे क्षणाचे काम. पण ते बटण याद्यांच्या पोटात दोन पायऱ्या खाली आहे, आणि मराठी उत्तर लिहिताना तिला तीच तपासणी पुन्हा हवी असते. म्हणून मी तिला 'कस्टमाइझ'चे दार दाखवले. डावीकडे घरातल्या वस्तू, उजवीकडे मांडणी, मधे दोन बाण. एवढेच सांगून मी तासाला गेले. परत आले तो तिने एक स्वतंत्र पट्टीच तयार केली होती. पहिले बटण तपासणी बंद-चालू करण्याचे. दुसरे अक्षर मोठे करण्याचे, कारण छापलेले पान धाकटा भाऊ आजीला वाचून दाखवतो. नव्या पट्टीला नाव द्यावे लागते. तिने दिले होते: 'घरचं'.

या संदर्भात एक जुनी हकीकत मला मोलाची वाटते. १९७८ साली अमेरिकेत बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स नावाच्या संगणकप्रणालीसाठी एमॅक्स हा लेखन-प्रोग्रॅम लिहिला. वापरणाऱ्याने त्यात आपल्या सोयीने भर घालावी अशी त्याची रचना होती. त्यांच्या कचेरीतल्या सेक्रेटरी बायका तो वापरू लागल्या. भर कशी घालायची हे सांगणारी पुस्तिका त्यांना दिली होती. मात्र याला 'प्रोग्रॅमिंग' म्हणतात हे तीत कुठेच लिहिलेले नव्हते. तो शब्द वाचला असता तर त्या दचकल्या असत्या. तो न वाचल्यामुळे त्या सरळ कामाला लागल्या आणि नकळत ती विद्या शिकल्या. ही हकीकत रिचर्ड स्टॉलमन यांनी सांगितलेली आहे. मी ती या मुलीला अजून सांगितलेली नाही. तिलाही कोणी तो शब्द सांगू नये असे मी संगणकाच्या सहकाऱ्याला बजावून ठेवले आहे.

खोली सगळ्यांची असल्यामुळे मधे एकदा कोणीतरी सगळे होते तसे करून टाकले. पट्टी गेली. मी हळहळले. ती हळहळली नाही. बसली आणि दहा मिनिटांत पुन्हा उभी केली, आधीपेक्षा एक बटण कमी. "ते लागत नव्हतं," म्हणाली.

दिवाळीच्या सुटीपूर्वी ती नवाच प्रश्न घेऊन आली. आजी काही शब्दांत ए आखूड म्हणते, काही शब्दांत लांब. लिहिताना मात्र दोन्हींना एकच मात्रा, आणि भाऊ वाचतो तेव्हा आजी हसते. मराठीत आपल्याला हा भेद कानालाच येत नाही. तेलुगूत तो आहे, त्यासाठी वेगळी अक्षरे आहेत, आणि द्राविड भाषा देवनागरीत लिहिताना उपयोगी पडावा म्हणून युनिकोडच्या यादीत डोक्यावर लहानशी खूण असलेला एक ऱ्हस्व 'ऎ' आणि त्याची मात्राही आहे. वर्षानुवर्षे तो तिथे पडून आहे. नदीपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाळा नावाचे गाव आहे. तिथे सापडलेल्या हस्तलिखितांतली गोंडी लिपीदेखील २०१८ साली या यादीत गेली. यादीत पुष्कळांना जागा आहे. अडचण असते ती मांडणीवर.

आम्ही दोघींनी विशेष अक्षरांच्या पेटीतून तो 'ऎ' शोधून काढला. यंत्राला ती कृती तिने एकदा करून दाखवली, मात्रेचीही दाखवली, आणि दोन्हींची बटणे केली. पण आमच्या संगणकखोलीतले पडदे जुने, चौकोनी आहेत. नेहमीची रांग आणि 'घरचं' शेजारी शेजारी बसवली की टोकाची बटणे बाहेर ढकलली जातात. नवी दोन बसवायची तर जुनी दोन उतरवायला हवी होती. छपाई हवी, जतन हवे, 'लाव' हवे. एक तिने चटकन उतरवले. ते कशाचे होते तेही माझ्या ध्यानात राहिले नाही. दुसऱ्यावर बाण नेऊन ती थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. ते नेहमीच्या रांगेतले मराठी शुद्धलेखन तपासण्याचे बटण होते.

"मॅडम, हे काढू?"

मराठीच्या बाईला विचारायचा हा प्रश्न. तिला हसू येत होते, मलाही आले.

"काढ," मी म्हटले. "लागलं तर यादीत आहे."